सपाटीचा तुकडा

कुडपणात उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की दिशा दोनच, वर आणि खाली. पूर्व-पश्चिम शाळेत शिकवतात, तेवढ्यापुरती. माणूस कुठं गेलाय असं विचारलं, तर उत्तर येतं, "वर गेलाय" नाहीतर "खाली उतरलाय". वर म्हणजे रान, गुरं, लाकूडफाटा. खाली म्हणजे सावित्रीच्या काठचं पोलादपूर, तिथला बाजार, दवाखाना, एसटीचा थांबा. मुंबईला जाणारा चाकरमानीसुद्धा आमच्याकडं खालीच उतरतो आणि गणपतीला वर चढून येतो.

अंतराचंही तसंच. माझा आजा कधी मैलात बोलला नाही, किलोमीटरात बोलण्याचा तर प्रश्नच नव्हता. अमकं गाव किती लांब, असं विचारलं की म्हणायचा, "एक दांड, एक व्हाळ नि मग उभा चढ." वर पुस्ती जोडायचा, "वाट मोजू नये बाबा. चढ मोजावा."

हे सगळं नव्यानं आठवायला एक प्रश्न कारणी झाला. पावसाळा सरता सरता आमच्याकडं पाहुणे येतात. कुणी धबधबे बघायला येतं, कुणी भीमाच्या काठीचा सुळका बघायला, कुणी शेलारमामांचं गाव म्हणून. त्यातले दोघेचौघे पुण्याचे पळणारे होते. अंगात चमकते शर्ट, मनगटाला पाट्यांसारखी घड्याळं. सकाळी रस्त्यावर आमची पोरं पळताना त्यांना दिसली. त्यातल्या एकानं कौतुकानं विचारलं, "तुमचा रोजचा रूट कितपत चढउताराचा असतो?"

पोरगं बुचकळ्यात पडलं. "म्हंजे?"

"म्हणजे रोज चढावर पळता, की आठवड्यातून एकदा?"

पोरगं हसलं. म्हणालं, "सायेब, बिनचढाचा रस्ता कुठं हाय तेवढं दाखवा. उद्यापास्नं तिथंच पळतो."

पाहुणेही हसले. त्यांची चूक नव्हती. सपाटीवरच्या माणसाला चढ हा वेगळा काढून ठेवलेला पदार्थ असतो. रविवारी सिंहगड, बाकी दिवस नदीकाठ. त्यांच्या घड्याळात पळालेल्या किलोमीटरांबरोबर चढलेले मीटरही उमटतात. दहा किलोमीटरांत शंभर मीटर चढ निघाला की त्यांना बरीच मेहनत झाल्यासारखी वाटते. आमच्या रस्त्यावर पहिल्या दोन किलोमीटरांतच शंभर उमटले, तेव्हा त्यांतला एक घड्याळ झटकून बघायला लागला.

हिशेब साधा आहे. गाड्यांचा घाटरस्ता बांधताना साधारण वीस मीटर अंतराला एक मीटर चढ धरतात. त्यापेक्षा उभा केला तर भरलेल्या ट्रकला चढणं जड जातं. म्हणजे रस्त्यानं एक किलोमीटर पळालं की पन्नास मीटर चढ अंगावर येतो. ही झाली डांबरी सडक, आमच्या भागातली सगळ्यांत सौम्य वाट. पायवाटेला ट्रक चढवायचा नसतो, त्यामुळं ती वळसे घेत बसत नाही. दांडावरनं सरळ नाकासमोर उठते. रस्ता जी उंची पाच किलोमीटरांत गाठतो, ती पायवाट एका किलोमीटरात गाठून टाकते. त्यात कुठं दगडी पायऱ्यांची पाखाडी, कुठं पाण्यानं कोरलेली नाळ, कुठं पायाखालून सरकणारा घसारा. चढाला इतकी नावं आहेत. सपाटीला मात्र आमच्याकडं एकच शब्द, सपाटी. तिचे प्रकार पाडायची वेळच कधी आली नाही.

आमच्या लहानपणी पळणं हा व्यायाम नव्हता. शाळेला उशीर झाला की उतारावर पळायचं, अंधार पडायला आला की चढावर पळायचं. खरं पळणं मी पाहिलं ते डोलीचं. रस्ता व्हायच्या आधी माणूस आजारी पडलं, बाई अडली, तर डोलीतून खाली न्यावं लागे. एक भक्कम बांबू, त्याला घोंगडीची नाहीतर लुगड्याची झोळी, दोन्ही टोकांना खांदेकरी आणि मागं बदलीची माणसं. माझी चुलती अशीच एका रात्री खाली नेली. मी कंदील धरायला होतो. वडील पुढच्या टोकाला होते, कारण ते उंच होते. उतारावर उंच माणूस पुढं आणि बुटका मागं, म्हणजे झोळी समपातळीत राहते. चढावर उलट. हे कुणी शिकवायला लागत नसे.

पळणं म्हणजे तरी कसं? झपाझप, पण पावलं वीतभर. टाच टेकवायची नाही. गुडघा कधी ताठ करायचा नाही. ताठ केला की सगळा भार सांध्यात जातो आणि झोळीला हिसका बसतो. नजर पायाशी नाही, चार पावलं पुढं. कुणी तोंडानं बोलत नव्हतं. खांदा बदलायचा झाला की फक्त "हं" म्हणायचे. चुलती वाचली. तिचा तो मुलगा आज मुंबईत नोकरीला आहे.

त्या रात्रीपासून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. डोंगरात अवघड असतो तो उतार. चढ दम काढतो, पण माणूस थांबू शकतो, श्वास घेऊ शकतो. उतार थांबू देत नाही. चढताना छाती भरून येते, उतरताना मांड्या भरून येतात. प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचं वजन अडवत असतात, आणि तेच दुसऱ्या दिवशी दुखतं. आमच्या शेजारच्या महाड तालुक्यात रायगड आहे. तिथली हिरकणीची गोष्ट पोराटोरांना पाठ असते. दरवाजे बंद झाल्यावर ती गवळण कडा उतरून बाळाकडं गेली. गोष्ट लोकांनी जपली ती उतरण्याची आहे, चढण्याची नाही. ज्यांनी ती पिढ्यान्पिढ्या सांगितली त्यांना डोंगर ठाऊक होता.

आता पोरं पळतात ती वेगळ्या कारणानं. आमच्या मुलुखाला वर्दीचं जुनं वेड. महाड तालुक्यातल्या आंबवडे गावाला तर लोक फौजी आंबवडेच म्हणतात. पहिल्या महायुद्धापासून त्या गावची माणसं फौजेत गेली. आमच्या पट्ट्यात ज्याला मुंबईच्या खोलीत दहाजणांत पथारी टाकायची नाही, त्याच्यापुढं दोनच दारं राहतात, सैन्य नाहीतर पोलीस. पोलीस भरतीत मैदानाचे 50 गुण. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, त्याला 20 गुण. शंभर मीटरला 15, गोळ्याला 15. मुलानं 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत आणि मुलीनं 800 मीटर 2 मिनिटं 50 सेकंदांत मारलं तर पुरे वीस. त्यापुढं दर काही सेकंदांनी गुण गळत जातात.

मुंबईतली नोकरी संपवून मी गावी परतलो, तेव्हा माझ्याजवळ एक सेकंदकाट्याचं घड्याळ आणि बराचसा मोकळा वेळ होता. पहाटे पाचला पोरं पळायला निघायची, त्यांच्या मागं मी घड्याळ घेऊन जायला लागलो. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं, की यांचा वेळ मोजण्यात अर्थ नाही. खाली जाताना पोरगं साडेचार मिनिटांत 1600 मारतं आणि वर येताना त्याच अंतराला नऊ घेतं. यातलं त्याचं खरं कुठलं? दोन्हींची सरासरीही कामाची नाही. उतारानं दिलेलं चढ व्याजासकट परत घेतो.

गोळ्याचं तर विचारू नका. मुलांचा गोळा 7.26 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. फेकला की थांबायचं नावच नाही. गडगडत खालच्या खाचरात, तिथून त्याच्या खालच्या. म्हणून एकजण नेहमी खाली उभा. टप्पा कुठं पडला ते वरच्यानं बघायचं आणि गोळा कुठं गेला ते खालच्यानं. एकदा तो सापडायला अर्धा तास लागला, आणि सापडला तो एका म्हशीच्या पुढ्यात.

चढावर पळून पोरं तयार होतात, यात वाद नाही. चढावर वेग कमी असतो, त्यामुळं पाय आपटत नाही, पण काळीज पुरं कामाला लागतं. पिंढऱ्या, पुठ्ठे, पोट, सगळं घडतं. आमच्या गावातला एक पुतण्या मुंबई मॅरेथॉन पळून आला आणि पेडर रोडच्या चढाची भीती सांगायला लागला. शेवटच्या टप्प्यात तो चढ भल्याभल्यांना चालायला लावतो, हे खरंच आहे. पण ऐकणाऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं, "किती लांब रं तो चढ?" त्यानं सांगितलं. म्हातारा म्हणाला, "म्हंजे आपल्या विहिरीपास्नं देवळापर्यंत." आणि विडी पेटवली.

साताऱ्याला 2012 पासून डोंगरी अर्धमॅरेथॉन होते. शहरातून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्यानं जायचं आणि परत यायचं, 21 किलोमीटर. हजारो माणसं पैसे भरून, गाड्या करून चढ पळायला येतात. आमच्या पोरांना हे सांगितलं तर त्यांना खरं वाटेना. "पैसे भरून चढ?" एक म्हणालं, "मग आपल्याकडं तिकीटच लावूया की."

पण डोंगरात जन्मलं म्हणून पळणारा होतो, असंही सरसकट म्हणता येत नाही. आपल्याकडची मोठी नावं बघा. ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीची. 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी पळून दहावी आली. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याच शर्यतीत त्यानं रौप्यपदक घेतलं. दोघंही देशावरची, कोरड्या मुलुखातली, मातीच्या लांब सडकांवर वाढलेली. कविता राऊत मात्र नाशिककडच्या डोंगराळ सावरपाड्याची. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं 10,000 मीटरला कांस्यपदक घेतलं. पण तिलाही पुढं नाशिकला मैदान मिळालं, प्रशिक्षक मिळाले.

डोंगर आणि मैदान यांचा मेळ कसा घालायचा, याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण न्यूझीलंडचं आहे. आर्थर लिडियर्ड नावाचा प्रशिक्षक आपल्या पोरांना ऑकलंडजवळच्या डोंगरांतून 22 मैलांची फेरी मारायला लावायचा. 800 मीटर पळणाऱ्यालाही सुटका नव्हती. त्याच्या पीटर स्नेलनं 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये 800 मीटरचं आणि मरे हालबर्गनं 5000 मीटरचं सुवर्ण एकाच दिवशी मिळवलं. पण लिडियर्डची रीत नीट वाचली तर कळतं, की डोंगर हा त्यातला एक टप्पा होता. आधी लांब पळणं, मग काही आठवडे चढ, आणि मग मोजलेल्या ट्रॅकवर वेगाचं काम. केनियातलं इटेन 2400 मीटर उंचीवर आहे, जगातले धावक तिथं जातात. तिथली माणसंही चढउतारावर पळून झाल्यावर वेगासाठी ट्रॅकवर जातात. डोंगर दम देतो. त्या दमाचा वेग करायला मैदान लागतं. कुडपणात पहिलं भरपूर आहे आणि दुसरं नाही.

हे मला पुस्तकातून नव्हे, पुतणीकडून कळलं. माझ्या धाकट्या भावाची मुलगी, बारावी झालेली, पोलिसात जायचं म्हणून हट्टाला पेटलेली. चढावर मुलांना मागं टाकायची. तिला घेऊन मी एका रविवारी खाली मैदानावर गेलो आणि 800 मीटर पळायला लावलं. वेळ आली 3 मिनिटं 20 सेकंद. तिला दम लागलेला नव्हता. घामसुद्धा बेताचा. पण पाय पुढं पडतच नव्हते. चढाची सवय झालेलं पाऊल आखूड असतं, गुडघा वाकलेला, अंग पुढं झुकलेलं. सपाटीवर पाय मागं ढकलून लांब टाकावा लागतो. ते तिच्या पायांना कधी करावंच लागलं नव्हतं. ती काठावर बसली आणि म्हणाली, "काका, इथं सगळं दिसतंय. अजून किती राहिलंय ते पळतानाच दिसतंय. आपल्याकडं वळणापुरतंच दिसतं." मग जरा थांबून म्हणाली, "वळण आलं की बरं वाटतं. इथं बरं वाटायला काही येतच नाही."

रोज खाली जाणं परवडणारं नव्हतं. जीपचं भाडं, घरचं काम, परतीचा वेळ. मग आम्ही गावातच सपाटी शोधायला निघालो. शाळेचं पटांगण पाहिलं. एक फेरी ऐंशी पावलांची, दहा फेऱ्यांत गरगरायला लागे. देवळापुढं फरसबंदी, पाय घसरे. भात कापल्यावर खाचरं मोकळी होतात, पण प्रत्येक खाचर वरच्यापेक्षा हातभर खाली, मध्ये बांध, आणि पायाला टोचणारे धसकट. शेवटी रस्त्यावरच दोन वळणांमधला एक तुकडा सापडला. डोळ्यांना सपाट दिसत होता. बाटलीत अर्धं पाणी भरून ती आडवी ठेवून पाहिलं, तर थोडासा कल निघाला, पण चालण्यासारखा. दोरीनं मोजला, 160 मीटर. पाच वेळा कापला की 800. म्हणजे मध्ये चार वेळा थांबून वळायचं. दर वळण्याला दोनेक सेकंद जाणार. पण पाऊल लांब टाकायला तेवढा तुकडा पुरे होता. दोन्ही टोकांना चुन्याच्या रेघा मारल्या आणि मध्ये शंभर मीटरची खूण केली.

त्या तुकड्यावर तिनं हिवाळाभर आणि उन्हाळाभर काम केलं. सकाळी चढ, संध्याकाळी सपाटी. चढावरच्या दिवशी तिला मी डोलीची चाल शिकवली. उतरताना टाच नको, गुडघा ताठ नको, पाऊल वीतभर. गुडघे मोडले तर चढ आणि सपाटी दोन्ही गेले. तिला हसू यायचं. "झोळीत कोण आहे, काका?" मी म्हणायचो, "तूच."

मग पाऊस. आमच्या माथ्यावरच्या महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि आम्ही त्याच भिंतीला टेकून राहतो. धुकं इतकं, की पुढच्याचा आवाज येतो, माणूस दिसत नाही. डांबरावर शेवाळ, गवतात जळवा. पण भीती त्याची नाही. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड आली आणि 80 हून अधिक माणसं गेली. त्याच दिवशी आमच्या पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या, माणसं गेली, घाट बंद पडला. तेव्हापासून जोराच्या पावसात रस्त्याच्या कापलेल्या डोंगराखाली कुणी पोरांना पळू देत नाही. माझी भावजय तर दारातच उभी राहते. "पोलीस नाय झाली तरी चालेल, माझ्या डोळ्यांपुढं ऱ्हाऊ दे." तिला उत्तर देता येत नाही. ज्या चढानं पोरीचे पाय घडवले, तोच चढ चार महिने डोक्यावर टांगलेला असतो.

आणि भरतीला पावसाळा कळत नाही. 2024 साली मैदानी चाचण्या 19 जूनला सुरू झाल्या. पुतणीची पाळी आली तेव्हा मैदान ओलं होतं. मी कुंपणाबाहेर घड्याळ धरून उभा होतो. पहिली फेरी तिनं बेतानं घेतली. दुसरीत बाकीच्या मुली थकल्या, तेव्हा ही तशीच लांब पावलं टाकत राहिली. माझ्या घड्याळात 2 मिनिटं 54 सेकंद. 3.20 वरून 2.54. चार सेकंदांनी पुरे गुण हुकले. गोळाही ठीक पडला. शंभर मीटरला मागं पडली, कारण 160 मीटरच्या तुकड्यात शंभर मीटर पळून थांबायला उरतात साठ, आणि पुढं वळण, त्याच्याखाली दरी. पुरा जोर लावायची तिच्या पायांना शेवटपर्यंत भीती वाटत राहिली. लेखी धरून यादी लागली, त्यात थोड्या गुणांनी नाव खाली राहिलं.

ती रडली नाही. दोन दिवस गवत कापायला गेली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काका, शंभर मीटर उलट्या बाजूनं पळूया. तिकडं वळणाला डोंगर आहे, दरी नाही. धडकले तर मातीत धडकेन." इतकी साधी गोष्ट, पण ती तिच्या पायांना सुचली.

आता तिच्याबरोबर आणखी दोन मुली पळतात. एक नववीत, एक अकरावीत. नववीतलीला भरतीचं काही पडलेलं नाही. तिला फक्त पळायचं आहे. गावात माणसं कमी होत चालली आहेत. घरं बंद, अंगणात गवत. जी तयार होतील ती खाली जातील, हे मला ठाऊक आहे. डोंगरानं माणूस घडवायचा आणि सपाटीनं तो नेऊन ठेवायचा, हा आमच्याकडचा जुना व्यवहार. त्यात माझी एकच मागणी आहे. तालुक्याच्या प्रत्येक खोऱ्यात, डोंगर थोडासा कापून, खाली नीट दगडी बांध घालून, दोनशे मीटरचा एक सपाट तुकडा करावा. ट्रॅक नको, गॅलरी नको. पाऊल लांब टाकता येईल आणि थांबता येईल एवढी जागा. दर पावसाळ्यात रस्त्यावरच्या चुन्याच्या रेघा धुऊन जातात. यंदाही गेल्या. नवरात्रात दोरी घेऊन आम्ही पुन्हा मोजलं. 160 च भरले.